मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्यानंतर विचारणा सुरू होते ती आग्या मोहोळांची. मृगाच्या सुमारास पंखवाल्या मुंग्यांची. आणि बारा महिने येतो तो एक धूसर फोटो, त्याखाली प्रश्न, "ही चावते का?" शहरातून, पन्हाळ्याच्या बाजूने, शिरोळच्या मळ्यांतून, आजरा-चंदगडच्या काजूबागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्नांमागे भीती असते, आणि समोरचा कीटक नेमका कोण हे कळलं की ती निम्मी होते. म्हणून उपायाआधी ओळख सांगितली आहे.

मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी एकाच पानावर कशा?

कारण त्या एकाच कुळातल्या आहेत. मूळ घराणं गांधीलमाश्यांचं. शिकार करणाऱ्या गांधीलमाश्यांपैकी काहींनी दहा कोटी वर्षांहूनही आधी किडे सोडून परागकण गोळा करायला सुरुवात केली, त्या मधमाश्या झाल्या. दुसऱ्या एका शाखेने पंख सोडून जमीन धरली, त्या मुंग्या. मुंग्यांच्या नर-माद्यांना आजही पंख येतात ते त्यामुळेच. घरमाशीचा या कुळाशी संबंध नाही. तिला दोनच पंख असतात, यांना चार.

जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत, मुंग्यांच्या १४,००० हून जास्त, आणि गांधीलमाश्यांच्या याच्या कित्येक पट. एकट्या भारतात मुंग्यांच्या ८०० हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. यातल्या बहुतेक मधमाश्या आणि गांधीलमाश्या एकट्या राहतात. त्यांना राणी नाही, पोळं नाही, राखायला साठा नाही. त्यामुळे त्या माणसावर धावून येत नाहीत.

आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ बसलंय. रात्री जाळून टाकावं का?

नाही. आग्या माश्या चांदण्या रात्री चारा आणायला बाहेर पडतात, दिव्यांकडे येतात, आणि पेटलेल्या मोहोळातून उठलेल्या माश्या अंधारातही शेजारच्या खिडक्यांत शिरतात. आगीचा धोका वेगळाच.

आग्याचं पोळं एकच असतं, उघडं टांगलेलं, कधी कधी हाताच्या लांबीहून मोठं. जो काळा-तपकिरी पडदा दिसतो तो पोळ्याचा नसून माश्यांचा; एकमेकींना धरून त्या पोळ्यावर कित्येक थर करून बसलेल्या असतात. दुर्बिणीतून दहा मिनिटं बघा. मोठी गांधीलमाशी जवळ आली की एका टोकाच्या माश्या पोट वर उचलतात, लगेच शेजारच्या, मग त्यांच्या शेजारच्या, आणि सगळ्या पडद्यावरून लाट सरकत जाते. एकाही माशीने जागा न सोडता शत्रू परत फिरतो. माझ्या मते आपल्या शहरात गच्चीवरून दिसू शकणारं हे सगळ्यात देखणं दृश्य आहे.

ही मोहोळं कायमची नसतात. फुलोरा संपत आला की माश्या मध पिऊन सगळ्याच निघून जातात. पावसाळ्यापूर्वी जागा बहुधा मोकळी होते, मात्र पुढच्या हंगामात त्याच जागी परत येण्याची शक्यता असते. मोहोळ उंच असेल, वाटेत नसेल, तर हात लावू नका. त्या मजल्यावरचे रात्रीचे झगझगीत दिवे बंद ठेवा, मुलांना दगड मारू देऊ नका, खाली धूर करू नका. शाळेच्या दारावर किंवा जिन्यालगत असेल तर माश्या न मारता मोहोळ काढणारे प्रशिक्षित लोक बोलवा. औषध फवारून मारलेल्या मोहोळातला मध कोणीही खाऊ नये.

गडावर किंवा शेतात आग्या माश्या उठल्या तर काय करायचं?

पळायचं. तोंड आणि डोळे कपड्याने झाकून, थेट, जमेल तितकं लांब, आणि पहिल्या बंद खोलीत किंवा गाडीत शिरून काचा लावायच्या. उभं राहून हात उडवू नका. एक माशी डंख मारते तेव्हा तिच्यातून सुटणारा वास इतर माश्यांना तीच जागा दाखवतो, आणि मेलेल्या माशीचा डंखही तो वास सोडतच राहतो. विहिरीत किंवा तळ्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि डोकं बाहेर आलं की पुन्हा बसतात. ज्यांना पळता येत नाही त्यांच्यावर जाड कापड, घोंगडं, ताडपत्री टाका.

मोहोळ उठण्यामागे बहुधा धूर, दगड किंवा पक्ष्याचा हल्ला असतो. मधुबाज हा शिकारी पक्षी मोहोळाचा लचका तोडून नेतो आणि संतापलेल्या माश्या खालून जाणाऱ्यांवर तुटून पडतात. कड्याला मोहोळं लटकलेली दिसत असतील तर त्याखाली चूल पेटवू नका.

डंखावर चुना लावावा का? लोखंड घासावं का?

दोन्ही नको. ओला चुना कातडी भाजतो, आणि विष तर तोवर आत गेलेलं असतं. मधमाशीच्या डंखाला उलटे काटे असतात, त्यामुळे तो विषाच्या पिशवीसकट कातडीत अडकतो, माशी मरते आणि पिशवी पुढेही विष ढकलत राहते. म्हणून डंख लगेच काढायचा. नखाने खरवडून की चिमटीने, यापेक्षा किती लवकर हे महत्त्वाचं. मग साबणाने धुवा, बर्फ लावा. गांधीलमाशी डंख सोडत नाही, ती अनेकदा डंख मारू शकते.

दवाखान्यात कधी जायचं हे मात्र नीट लक्षात ठेवा. श्वास लागणं, ओठ-जीभ-गळा सुजणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर, उलटी, घाम येऊन अंग गार पडणं, यातलं काहीही दिसलं तर एका डंखानेही जीव जाऊ शकतो. १०८ ला फोन करा, वाट पाहू नका. अशा वेळी अॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. डंख घशात किंवा तोंडात असेल, संख्येने पुष्कळ असतील, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तरीही जा. शेकडो डंखांनंतर माणूस आज बरा वाटला तरी पुढच्या दिवसांत मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

मध देणाऱ्या माश्या आपल्याकडे किती?

आग्या, झुडपात तळहाताएवढं एकच पोळं करणारी इवलीशी फुलोरी, झाडाच्या ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत अंधारात अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी, आणि डंखच नसलेली, दगडी भिंतीच्या फटीला मेण-डिंकाची नळी काढून राहणारी काळी बारकी माशी. पाचवी बाहेरून आणलेली युरोपीय, पेट्यांतली. पेटीत नांदणारी आपली देशी माशी म्हणजे सातेरी. आग्याला अंधारी पेटी चालत नाही.

फुलं कुठे आहेत हे कामकरी माशी नाचून सांगते. पोळ्यावर सरळ रेषेत अंग हलवत ती जितका वेळ धावते तितकं अंतर, आणि त्या रेषेचा कोन म्हणजे सूर्यापासूनची दिशा. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. फुलोरीची रीत साधी: फांदीभोवती गुंडाळलेल्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचत ती थेट फुलांच्या दिशेनेच धावते.

पडवीचं लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा विषारी आहे का?

तो भुंगा म्हणजे एकटी राहणारी मोठी मधमाशीच. नराला डंख नसतो, तोच तुमच्या तोंडासमोर येऊन घोंघावतो. मादी हातात धरल्याशिवाय डंख मारत नाही. ती वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत बोगदा कोरून अंडी घालते; लाकूड खात नाही. वाशाला रंग किंवा तेल दिलं तर ती दुसरीकडे जाते.

तिला हाकलण्याआधी परसातल्या वांग्या-टोमॅटोकडे बघा. या फुलांचे पराग नळीसारख्या पुंकेसरांत कोंडलेले असतात आणि टोकाच्या छिद्रातूनच बाहेर पडतात. भुंगा फूल धरून छातीचे स्नायू थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि पराग भसकन पोटावर सांडतात. सातेरीला हे जमत नाही. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या माशीला जमतं. या माशीचे नर संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपतात. सूर्य मावळताना कुंपणाच्या काड्या निरखल्या तर सापडतात.

गुलाबाची पानं कोणीतरी गोल कातरून नेतंय. कुठलं औषध मारू?

मारू नका. ती पानकापी मधमाशी. तुकडे खाण्यासाठी नसतात. नळीत, कुलपाच्या भोकात, खिडकीच्या पन्हाळीत पानांच्या गुंडाळ्या करून ती पिलांच्या खोल्या बांधते. झाडाला चार पानांनी काही होत नाही.

भिंतीवर मातीची घरटी करणारी कुंभारीण घरात असणं चांगलं की वाईट?

चांगलं. ती गांधीलमाशीचीच जात, पण एकटी, आणि आपल्या वाटेला जात नाही. मादी ओल्या चिखलाची गोळी जबड्यात आणते, गुणगुणत तिचा लेप देते, खोली तयार झाली की डंख मारून लुळी केलेली शिकार आत भरते. काही जाती कोळी आणतात, काही अळ्या. शिकार मेलेली नसते, म्हणून सडत नाही. तिच्यावर एक अंडं, मग तोंड बंद. आतली अळी ताजं अन्न खाऊन वाढते आणि काही आठवड्यांनी भोक पाडून नवी कुंभारीण बाहेर येते.

आत गेली अळी, बाहेर आली माशी. कीटभृंगन्याय यातूनच आला. भृंगीच्या, म्हणजे या माशीच्या, ध्यासाने अळी स्वतः भृंगी होते, असं परंपरेने सांगितलं. भागवतातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंमध्येही ही माशी आहे. जीवशास्त्राचं उत्तर निराळं असलं तरी ज्यांनी हे पाहिलं त्यांची नजर तीक्ष्ण होती. घरट्यात अळी नेताना आणि त्याच घरट्यातून माशी निघताना त्यांनी बघितलं होतं. मधलं अंडं तेवढं नजरेआड राहिलं.

रिकामं घरटं पाडायला हरकत नाही. स्विचबोर्डच्या भोकात केलं असेल तर वीज बंद करून काढा.

खिडकीच्या चौकटीला राखाडी कागदाचं छोटं पोळं आहे. आठ-दहा माश्या आहेत.

त्या कागदी गांधीलमाश्या. न रंगवलेल्या लाकडाचा तंतू खरवडून, लाळेत मळून त्या कागद करतात. यातल्या रोपालिडिया मार्जिनाटा या जातीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशकं काम केलं. एकेका माशीला रंगाचे ठिपके देऊन ती काय करते ते नोंदवलं. निघालं असं की या जातीची राणी दांडगाई करणारी नसतेच. ती गरीब, शांत असते. तिला बाजूला काढलं की काही मिनिटांत एक कामकरी माशी एकाएकी आक्रमक होते, बाकीच्या तिला विरोध करत नाहीत, आणि तीच पुढची राणी. वारस कोण हे बघणाऱ्याला आधी ओळखता येत नाही, माश्यांना मात्र ठाऊक असावं असं त्यांचं वागणं सांगतं.

अशी पोळी मुलांच्या हाताच्या उंचीवर नसतील तर राहू द्या. त्या अळ्या मारतात. मात्र केशरी-काळ्या पट्ट्याची मोठी गांधीलमाशी आणि तिचं मोठं पोळं घराला चिकटून असेल तर स्वतः काठी घालू नका.

उंबर फोडलं की आत किडे निघतात. नरसोबाच्या वाडीला झाड पूजतो आणि फळ किडकं, असं कसं?

फळ किडकं नाही. ते किडे नसते तर उंबरच राहिले नसते.

उंबराचं फूल दिसत नाही म्हणून क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. पण फुलं असतात, शेकडो, फळाच्या आत, तोंड आतल्या बाजूला करून. कोवळं उंबर उभं चिरून भिंगाखाली धरा. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक छिद्र, खवल्यांनी दाटलेलं. त्यातून एक-दोन मिलिमीटरची गांधीलमाशी अंग रेटत आत शिरते. रेटताना तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. आता तिला बाहेर पडणं नाही. ती सोबत आणलेले पराग फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते.

ज्या फुलांत अंडी पडली त्यांच्या गाठी होतात, बाकीच्यांचं बी धरतं. काही आठवड्यांनी आधी नर जन्मतात, बिनपंखी. ते माद्यांच्या गाठी कुरतडून आतच त्यांच्याशी मीलन करतात, मग फळाची भिंत पोखरून वाट करतात आणि मरतात. त्यांनी उजेड जेमतेम पाहिलेला असतो. मागून माद्या निघतात, याच सुमारास फुललेल्या नरफुलांचे पराग घेऊन, त्या वाटेने बाहेर, दुसऱ्या कोवळ्या उंबराच्या शोधात. हातात आयुष्य असतं एखाद-दोन दिवसांचं.

वड, पिंपळ, पिंपरी, प्रत्येकाची अशी स्वतःची माशी आहे. या झाडांना वर्षातून केव्हाही फळं धरतात ती या माश्यांचा वंश तुटू नये एवढ्या ओघाने, आणि त्याच फळांवर धनेश, हरियाल, वटवाघळं, माकडं जगतात. नृसिंहवाडीच्या घाटावरच्या औदुंबराखाली पडलेलं पिकं उंबर उचला, त्याच्या सालीवर बारीक भोक असेल. नरांनी केलेली वाट तीच.

उसाला मधमाश्यांचा काय उपयोग?

थेट काहीच नाही. उसाच्या तुऱ्याचे पराग वाऱ्याने जातात आणि लागण तर आपण कांड्यांनी करतो. खरी अडचण उलटी आहे: पंचगंगा-कृष्णेच्या काठी मैलोगणती ऊसच असेल तर माश्यांना वर्षभर फुलं मिळत नाहीत. मग त्या रसवंतीवर आणि गुऱ्हाळावर गोडाला येतात आणि रसात बुडून मरतात. बांधावर शेवगा, जांभूळ, करंज राखले, सऱ्यांच्या कडेला सूर्यफुलाची ओळ टाकली तर फरक पडतो. काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांना मात्र माशी हवीच. फुललेल्या पिकावर सकाळी औषध मारू नका. अगदी गरज असेल तर माश्या परतल्यावर संध्याकाळी.

गांधीलमाश्यांचा उपयोग उसाला थेट आहे. उसात लावायच्या ट्रायकोकार्डवर जी असते ती ट्रायकोग्रामा ही एक मिलिमीटरहून लहान गांधीलमाशी. ती खोडकिडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, त्यामुळे अळी जन्मतच नाही. कार्ड लावण्याच्या आधी-नंतरचे काही दिवस रासायनिक फवारणी केली तर पैसे पाण्यात. २००२ च्या सुमारास लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीने पश्चिम महाराष्ट्राचा ऊस पांढरा केला होता. तो आवरायला इतर भक्षक किड्यांबरोबर एन्कार्शिया ही अशीच बारकी माशी कामाला आली.

वारूळ मुंग्यांचं असतं ना?

वाळवीचं. वाळवी ही मुंगी नव्हे, झुरळाची नातलग. मुंग्या तर तिच्या शत्रू. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जे पंख गळतात ते बहुधा वाळवीचे. ओळखायचं कसं? वाळवीची कंबर जाड, चारही पंख सारखे लांब. मुंगीची कंबर बारीक, पुढचे पंख मोठे. आणि त्याच दिवसांत सापडणारा मखमली लाल मृगाचा किडा या दोन्हींत येत नाही, तो आठ पायांचा, कोळ्यांच्या नात्यातला.

मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येतो?

तोंडात असतात त्या बहुधा अळ्या आणि कोष. अंडी इतकी मोठी नसतात. बिळात ओल शिरली, ऊन वाढलं किंवा कोणी खणलं की त्या बिऱ्हाड हलवतात. वळवाच्या दिवसांत हे पावसाच्या आसपास घडतं, पण त्यावर पेरणी ठरवू नये.

काजूच्या कलमांवर पानं शिवून राहणाऱ्या तांबड्या मुंग्या मारून टाकाव्यात का?

ओंबील, कोकणाकडे हुमले. तोडणीला चावतात हे खरं, आणि चाव्यावर आम्ल सोडतात म्हणून आग होते. तरीही मारू नका म्हणेन. काजूच्या मोहोरावरच्या ढेकण्याला, म्हणजे रस शोषणाऱ्या किड्याला, त्या टिकू देत नाहीत. चीनमध्ये लिंबूवर्गीय बागांत याच मुंग्यांची घरटी आणून लावण्याची पद्धत सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे.

त्या पानं शिवतात ते बघण्यासारखं असतं. दोन पानांत अंतर जास्त असेल तर एक मुंगी दुसरीची कंबर धरते, दुसरी तिसरीची, आणि अशी साखळी करून पान ओढून आणतात. मग आतून काही मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून येतात. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं. तिला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर टेकवत शिवण घातली जाते. प्रौढ मुंगीला रेशीम नाही, म्हणून अळीच सुई आणि दोराही.

जंगलात फांदीवर काळं मडक्यासारखं काय असतं?

दाजीपूर, राधानगरीकडे दिसतं ते पॅगोडा मुंग्यांचं घरटं. वाळका पाला चघळून केलेलं, कौलांसारखे थर, पाऊस ओघळून जातो. तांबूस सुतार पक्षी याच जिवंत घरट्यात ढोली कोरून अंडी घालतो, आणि मुंग्या खाणाऱ्या या पक्ष्याच्या पिलांना मुंग्या सहसा काही करत नाहीत.

घरातल्या मुंग्यांचं काय करायचं?

ओळ साबणाच्या पाण्याने पुसा. मुंग्या वासाच्या रेघेवरून चालतात, रेघ गेली की वाट मोडते. मग फट बुजवा, गूळ-साखर घट्ट झाकणात. मुंग्या मारायच्या खडूत कीटकनाशक असतं. रांगत्या मुलांच्या हाती लागेल असा तो ओढू नका. कुंडीतल्या मिरचीवर मुंगळे चढत असतील तर पानाखाली मावा शोधा. माव्याचा गोड स्राव मिळतो म्हणून मुंगळे त्याची राखण करतात. मावा धुवून काढला की तेही जातात.

मध थिजला, म्हणजे साखर घातलेली?

नाही. शुद्ध मधही थिजतो; कुठल्या फुलांचा आहे आणि हवा किती गार आहे त्यावर ते ठरतं. बरणी कोमट पाण्यात ठेवा. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून शुद्धता कळत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कितीही शुद्ध असला तरी.

सातेरीची पेटी ठेवायची आहे. सुरुवात कुठून करू?

आधी भुदरगड तालुक्यात पाटगावला जाऊन या. मधाचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. पेट्या कुठे ठेवतात, पावसाळ्यात कशा जगवतात हे तिथल्या पाळणाऱ्यांकडून बघून घेण्यासारखं आहे. प्रशिक्षण खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयात आणि पुण्यात १९६२ पासून असलेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मिळतं. त्यानंतर आपल्या घराभोवती चालत जाऊन कुठल्या महिन्यात काय फुलतं याची वर्षभराची वही करा. ज्या महिन्यांची पानं कोरी राहतील त्या महिन्यांत माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागेल. तशी पानं पुष्कळ असतील तर आधी झाडं लावा, पेटी दोन वर्षांनी आणा.